पट्टी काढून बघा

लखनऊच्या चौकात गोल दरवाज्यातून आत शिरलं की चिकनच्या कुर्त्यांची दुकानं लागतात, मग अत्तरवाले, मग सराफा. सराफ्याच्या पाठीमागच्या बोळांत सोनं-चांदी गाळण्याच्या भट्ट्या आहेत. तिथं घटकाभर थांबलं तर कानावर चक्क खानापूर-आटपाडीची मराठी पडते. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं कित्येक दशकांपूर्वी पोटामागं घराबाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. गाव सुटलं, बोली सुटली नाही. आपल्याकडे त्यांना गलाई बांधव म्हणतात.

अशाच एका भट्टीवाल्याच्या घरातली ही गोष्ट. त्याला सगळी गल्ली आबा म्हणे आणि त्याच्या कारभारणीला वहिनी. गावाकडून नवं पोरगं कामाला आलं की आबा त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. दागिना हातात घेऊन झळाळी बघत बसायचं नाही. कसोटीवर घासायचा, शंका आली तर तुकडा काढून मुशीत घालायचा, टाकणखार टाकून वितळवायचा, तेजाबात उकळायचा. चांदी-तांबं तेजाबात विरघळून जातं, सोनं तळाशी राहतं. मग तोंड उघडून टंच, म्हणजे सोन्याचा कस, सांगायचा. "वरनं समदंच सोनं दिसतंय," आबा म्हणत. "आत काय हाय त्ये बघायचं."

वहिनींनी पन्नाशी ओलांडली होती. अंग भरलेलं, मधुमेहाच्या गोळ्या चालू. तिसऱ्या बाळंतपणापासून खोकलं की बेंबी जराशी वर यायची आणि आडवं झालं की आत जायची. दुखत नव्हतं, म्हणून ते कुणाला सांगण्यासारखं त्यांना कधी वाटलं नाही. पण दोन वर्षं उजव्या बरगडीखाली कळ यायची ती मात्र लपवता येईना. पुरी-कचोरी खाल्ली की मध्यरात्री उठून भिंतीला पाठ लावून बसत. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा निघाला, चांगला मोठा. गंगेच्या काठच्या या सगळ्या पट्ट्यात पित्ताचे खडे घरोघरी, आणि पित्ताशयाच्या कॅन्सरचं इथल्या बायकांतलं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी. त्यामुळे दुखणारा खडा ठेवून चालायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच करायचं ठरलं. कार्तिकी एकादशी झाली की तिकडे सहालग लागते, म्हणजे लग्नांचा हंगाम. मग भट्टी रात्री बारालाही विझत नाही. त्याच्या आत उरकावं, असा वहिनींचाच आग्रह. घराजवळच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये नाव घातलं. सर्जन हुशार होते, हात चांगला म्हणून ख्याती होती. "दुर्बिणीतून करू," ते म्हणाले. "चार बारीक छिद्रं. दुसऱ्या दिवशी घरी."

इथं एक सांगायलाच हवं. दुर्बिणीचं हे ऑपरेशन ही गरिबावर झालेली मोठी कृपा आहे. पूर्वी पित्ताशय काढायचं तर बरगडीखाली वीतभर चीर पडायची आणि माणूस महिनाभर कामाला मुकायचा. डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशय-ऑपरेशन केलं, ते श्रीमंतांच्या हौसेखातर केलं नव्हतं. जे. जे.त येणारा माणूस रोजंदारीवरचा. तो लवकर उठून कामाला लागावा, हा त्यांचा ध्यास होता आणि पुढं आयुष्यभर ते हेच सांगत राहिले. मोठ्या चिरेनंतर पोटाच्या भिंतीत हर्निया होण्याचं भय पुष्कळ. पोटावरच्या मोठ्या उभ्या छेदानंतर शंभरातल्या दहाजणांना तरी तो होतो. दुर्बिणीच्या छिद्रातून तो शंभरात एखाद्यालाच, बऱ्याच पाहण्यांत त्याहूनही कमी. तेव्हा ही गोष्ट वाचून कुणी दुर्बिणीला घाबरू नये.

वहिनींचं ऑपरेशन तसं नीटच झालं. बेंबीपाशी एक सेंटिमीटरचं छिद्र, वर छातीच्या हाडाखाली तेवढंच दुसरं, उजव्या कुशीला अर्ध्या सेंटिमीटरची दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून भिंत वर उचलली, कॅमेरा आत गेला, पित्ताशय सुटं झालं. अडलं ते बाहेर काढताना. खडा मोठा, छिद्र लहान. मग बेंबीजवळची चीर आतून थोडी वाढवली, आणि खड्यासकट पिशवी बाहेर आली. आता कातडीखाली, चरबीच्याही खाली, पोटाच्या भिंतीचं जे पांढरं चिवट पटल असतं त्याला टाका घालायचा होता. सगळा भार तेच पटल पेलतं. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठं छिद्र असेल तर तिथं टाका घालावा, असं सर्जनला शिकवलेलं असतं. पण जाड पोटात, एवढ्याशा फटीतून, खोल तळाशी तो घालायचा म्हणजे नजरेपेक्षा बोटांच्या अंदाजावर भिस्त. दिवसाची शेवटची केस होती. टाका घातला गेला. त्यात पटल किती आलं आणि चरबी किती, हे वरून कळायला मार्ग नव्हता. कातडीचे टाके झाले, वर गोल पट्टी बसली.

भुलीतून उठताना वहिनींना उलट्यांची उबळ आली, खोकला आला. असं पुष्कळांना होतं. दुसऱ्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. सिस्टरनं बजावलं, "सात दिवस पट्टीला हात लावायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. टाके काढायला या."

घरात सगळ्यांनी ती पट्टी बघितली. सून म्हणाली, "आत्या, एवढंच?" शेजारची आपा चिकनकाम करी, तिनं मोहरीएवढ्या टाक्यांना सरावलेल्या डोळ्यांनी बघितलं आणि कौतुकानं मान हलवली. आबांना तर हायसं वाटलं. रक्ताचा ठिपका नाही, सूज नाही. ते भट्टीवर गेले.

तिसऱ्या दिवशी वहिनींच्या पोटात मुरडा यायला लागला. त्या बोलल्या नाहीत. खाली ऑर्डरी तुंबल्या होत्या, गावाकडून आलेली चार पोरं जेवायला होती, सून एकटी हात मारत होती. आपण पडून राहिलोय हीच त्यांना लाज. दुपारी सून बाहेर गेलेली बघून त्यांनी पाण्याची कळशी ओट्यावर उचलून ठेवली. बेंबीपाशी काहीतरी ओढल्यागत झालं. त्यांनी पदर घट्ट खोचला आणि आडव्या झाल्या.

चौथ्या दिवशी ओकारी. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, हिरवट पाणी.

"अवो, पोट धरल्यावानी झालंय," त्या रात्री जेवताना म्हणाल्या.

"गॅस आसंल," आबा म्हणाले. तरी त्यांनी नर्सिंग होमला फोन लावला. साहेब नव्हते. रात्रपाळीचा तरुण मदतनीस डॉक्टर फोनवर आला. त्यानं विचारलं, ताप आहे का? नाही. वारा सरतोय का? आबांनी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. सरतोय. मग काळजी नाही, तो म्हणाला. पोटात गॅस भरलेला असतो, निघायला वेळ लागतो. त्यानं एक गोळी सांगितली. रात्री दोन वाजता पुन्हा फोन झाला आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. तो पोरगा बेफिकीर नव्हता. आपल्या छोट्याशा अनुभवात त्यानं अशी कितीतरी पोटं बघितली होती आणि तो खरोखरच दरवेळी गॅस निघाला होता. क्वचित होणारी गोष्ट अशीच निसटते. ज्याला ती होते त्याच्या बाबतीत मात्र ती क्वचित नसते, पूर्ण झालेली असते.

पाचव्या दिवशी सकाळी आपा विचारपूस करायला आली. कुर्ता आणि सुई हातातच. वहिनी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. आपानं कपाळाला हात लावला, मग पोटाला. पोट ताठ होतं. "भाभी, पट्टीखाली काय आहे ते कुणी बघितलं का?" ती म्हणाली.

"सात दिस उघडू नका म्हणलेत," वहिनी पुटपुटल्या.

"कपडा उलटा करून बघितल्याशिवाय मला कुणी मजुरी देत नाही," आपा म्हणाली आणि खाली जाऊन तिनं भट्टीच्या तोंडाशी उभ्या आबांना हाक मारली. तिचा आवाज ऐकून आबांनी चिमटा खाली ठेवला.

चौकापासून मेडिकल कॉलेज जवळच, शाह मीना रोडवर. १९०५ मध्ये पायाभरणी झालेली ही संस्था. मधली काही वर्षं तिला छत्रपती शाहू महाराजांचं नाव होतं, २०१२ पासून पुन्हा किंग जॉर्ज. पाटी बदलली तेव्हा आबा हळहळले होते. कोल्हापूरच्या राजाचं नाव एवढ्या लांब, तेही दवाखान्यावर, याचा त्यांना अभिमान होता. त्या दिवशी पाटी बघायचं भान नव्हतं. ट्रॉमा सेंटरच्या दारात माणसांचा लोंढा, स्ट्रेचर मिळेना. आबा आणि थोरला पोरगा वहिनींना खुर्चीवर बसवून उचलून आत घेऊन गेले.

तिथल्या निवासी डॉक्टर मुलीनं कागद वाचले. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती, पण तिनं घाई केली नाही. कधीपासून दुखतंय, कुठून सुरू झालं, उलटीचा रंग काय, हे तिनं वहिनींनाच विचारलं. आबा उत्तर द्यायला लागले तर हातानं थांबवलं. मग तीही आपासारखंच म्हणाली, "पट्टी कुणी काढून बघितली?"

कुणीच नाही.

तिनं स्पिरिटचा बोळा फिरवून पट्टीची कड सैल केली आणि हळूहळू सोलून काढली. खाली कातडी स्वच्छ होती. दोन निळे टाके, कोरडे, पू नाही, लाली नाही. बेंबीच्या खालच्या अंगाला मात्र बोटभर जागा फुगून टणक झाली होती. उजेडात बघितलं नसतं तर चरबीची घडीच वाटली असती. तिनं दोन बोटं अलगद टेकवली आणि वहिनींनी, ज्यांनी तीन दिवस दुखणं जवळजवळ गिळलंच होतं, मोठ्यानं ओरडून तिचं मनगट धरलं.

"खोका जरा," ती म्हणाली. गाठ आत गेली नाही.

आबा बघत उभे होते. त्यांच्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "पाच दिस झळाळीच बघत बसलो."

सीटी स्कॅन झालं. वरिष्ठ सर्जन आले. त्यांनी आबांना कागदावर एक नळी काढून दाखवली. पोटाच्या भिंतीतल्या छिद्रात आतडं अडकलं होतं, पण नळीची सबंध गोलाई अडकली नव्हती. एका बाजूची भिंत तेवढी चिमटली होती. उरलेल्या वाटेनं वारा सरत राहतो, कधी शौचालाही होते, आणि सगळे निश्चिंत राहतात. चिमटलेल्या तुकड्याचं रक्त मात्र तुटलेलं असतं. रिश्टर नावाच्या जर्मन सर्जननं अठराव्या शतकात हा प्रकार नीट वर्णून ठेवला, म्हणून त्याला अजून रिश्टरचा हर्निया म्हणतात. दुर्बिणीच्या छिद्रातून हर्निया होतो ही नोंदही आजची नाही, १९६८ पासूनची आहे. लठ्ठपणा, मधुमेह, आधीच सैल असलेली बेंबी, आणि खड्यासाठी वाढवलेली चीर. वहिनींच्या बाबतीत सगळं एका जागी जमून आलं होतं.

"बेंबी वर यायची हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "कुणी इचारलं न्हाई. आन् त्यात काय सांगायचं, म्हणलं."

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. बेंबीची जखम मोठी करून आतडं सोडवलं. कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून सर्जन थांबले. रक्त परत फिरलं तर काळसर पडलेली जागा गुलाबी होते आणि आतडं हलायला लागतं. म्हणून थांबायचं असतं. कापड उघडलं तेव्हा आजूबाजूचा भाग उजळला होता, पण चिमटलेला डाग तसाच होता, काळपट आणि निर्जीव. चार बोटं लांबीचा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडावी लागली. मग पटलाला टाके घातले गेले, या वेळी उघड्या डोळ्यांनी, एकेक ओढून बघत. आदल्या दिवशी आणलं असतं तर कापावं लागलं नसतं का, असं आबांनी विचारलं. सर्जन म्हणाले, "कदाचित."

वहिनी पंधरवडाभर दवाखान्यात होत्या. सहालगीची कामं आबांनी दुसऱ्या भट्ट्यांना वाटून दिली.

सराफ्यातली पोरं तापली होती. नर्सिंग होमच्या काचा फोडायच्या, असं दोघातिघांनी ठरवलंही. आबांनी त्यांना दारातच अडवलं आणि एकटे गेले. पहिल्या सर्जनसमोर त्यांनी मेडिकल कॉलेजचा कागद ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"टाका मी घातला होता," ते म्हणाले.

"घातला आसंल, साहेब."

"तुम्ही मला का नाही कळवलंत?"

"दोन फोन केले. गॅस हाय म्हणाले."

डॉक्टरांनी मदतनीसाला आत बोलावलं. पोरगा भिंतीशी उभा राहिला. काय विचारलं होतंस, असं साहेबांनी विचारल्यावर त्यानं सांगितलं, ताप विचारला, वारा सरतोय का विचारलं. सरतोय म्हणाले. डॉक्टर बराच वेळ टेबलाकडे बघत बसले. "फोनवर मीही हेच विचारलं असतं," ते शेवटी म्हणाले. "त्यांना बोलावून घेतलं असतं का, ते मला सांगता येत नाही."

माझ्या मते त्या नर्सिंग होममध्ये बोललं गेलेलं ते सर्वांत मोलाचं वाक्य. त्यांना उलट बोलता आलं असतं. क्वचित होतं, संमतीपत्रावर सही आहे, पेशंटनं कळशी उचलली. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वहिनींनी कळशी उचलली, दुखणं गिळलं, बेंबीचं सांगितलं नाही. आबांनी पट्टीवर विश्वास टाकला. हे आबांनाही ठाऊक होतं, आणि ते त्यांनी तिथं सांगितलंही. कुणाची चूक किती, याचा टंच काढायला ते आले नव्हते.

त्यांचं मागणं साधं होतं. घरी सोडताना जो कागद देता त्यावर हे लिहा. पोट ताठ झालं, ओकारी थांबेना, कुठल्याही छिद्रापाशी गाठ लागली किंवा दुखणं रोज वाढत गेलं, तर वारा सरत असला तरी त्याच दिवशी यायचं. फोनवर निभावायचं नाही. आणि पट्टी आम्ही उघडायची नसेल तर तुम्ही उघडून बघायची. "हिंदीत लिवा," ते म्हणाले. "ठळक. आमच्या बायका वाचतील आसं."

डॉक्टरांनी समोरच्या पॅडवर लिहायला घेतलं. ऑपरेशनच्या आधी विचारायच्या प्रश्नांत त्यांनी आपल्या हातानं आणखी एक ओळ घातली: खोकल्यावर बेंबी वर येते का?

पुढच्या थंडीत आपाच्या नणंदेचं पित्ताशय काढलं, त्याच नर्सिंग होममध्ये. तिसऱ्या रात्री तिला मळमळायला लागलं, पोट गच्च झालं. नणंद म्हणे, सकाळी बघू, एवढ्या रात्री कुणाला त्रास द्यायचा. वहिनी तेव्हा आपाकडेच बसल्या होत्या. पोटावर आता उभा मोठा व्रण, त्यावर डॉक्टरांनी दिलेला पट्टा. त्यांनी आपाच्या हातातून फोन घेतला.

पलीकडे तोच पोरगा होता. "गॅस असेल बहुतेक," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबला. "तरी घेऊन या. मी आहे."

"निघालोच," वहिनी म्हणाल्या.

ई-रिक्षा करून तिघी गेल्या. पोरानं स्पिरिट लावून चारही पट्ट्या काढल्या, प्रत्येक जागेवर बोटं टेकवून तिला खोकायला लावलं, बेंबीपाशी दोनदा. पोटाचा एक्स-रे काढला आणि साहेबांना उठवून दाखवला. गॅसच होता. नणंद ओशाळली, "उगीच तुम्हाला जागवलं" म्हणायला लागली. पोरानं नव्या पट्ट्या लावत तिला सांगितलं, पहाटे पुन्हा दुखलं तर पुन्हा यायचं, आणि वहिनींकडे वळून विचारलं, "तुम्ही पट्टा नीट बांधता ना? बघू."